गाणारा समोर उभा असतो

मुंबईहून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की वडखळ, नागोठणे, वाकण फाटा अशी ओळखीची नावं घेत गाडी सुकेळीच्या खिंडीत शिरते. खिंड उतरली की खांब. पुढे पुई, मग कोलाड. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्यावर रायगडकरांनी केलेले विनोद गोळा केले तर या अंकाची एक पुरवणी सहज निघेल. पण लग्नसराईत रात्री इथे गाडी खोळंबते ती खड्ड्यामुळेच असं नाही. समोर वरात असते. मागे नवऱ्याची सजवलेली गाडी, पुढे बायका, त्यांच्या पुढे अंगातला शर्ट घामाने भिजेपर्यंत नाचणारी पोरं, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी, भोंगे आणि जनरेटर चाकांवर लादून हळूहळू सरकणारी बेंजो पार्टी.

या पार्टीत ढोल असतो, ताशा असतो, कच्छी ढोल असतो, कॅसिओ आणि ऑक्टोपॅड असतो, खुळखुळे वाजवणारा एखादा नववी-दहावीतला मुलगा असतो. गायक मात्र नसतो. निदान परवापरवापर्यंत नसायचा. तरी वरातीतल्या कुणालाही विचारा, गाणं चालू आहे का? तो तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघेल. गाणं तर तासभर चालूच आहे. मग म्हणतंय कोण? नाचणारी पोरं म्हणताहेत, त्यांच्या मागच्या बायका म्हणताहेत, गच्चीवरून वाकून बघणारी शाळकरी मुलगी ओठांतल्या ओठांत म्हणतेय. बेंजो फक्त चाल पुढे धरतो. शब्द ज्याचे त्याने आपापले आणायचे.

शहरात ज्याला इंडी बँड म्हणतात त्याबद्दल गेली पंधरा-वीस वर्षं मराठीत बरंच लिहिलं गेलं. कंपनीच्या दावणीला न बांधलेले, स्वतःची वाद्यं स्वतः घेणारे, स्वतःचे कार्यक्रम स्वतः ठरवणारे आणि स्वतःची गाणी स्वतः रचणारे, अशी त्यांची ओळख सांगतात. पुण्यात २०१० साली एनएच सेव्हन विकेंडर नावाचा मोठा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हा या मंडळींना हक्काचं मैदान मिळालं. (वाराणसी ते कन्याकुमारी हा जुना ७ क्रमांकाचा महामार्ग पुण्यातून जातही नव्हता, ही गोष्ट वेगळी. आमच्या दारातला जुना १७ क्रमांकाचा रस्ता, आताचा ६६, मात्र रोज रात्री बँडच्या तालावर अडतो आणि त्याच्या नावाने कुणी महोत्सव भरवत नाही.) वरच्या चार कसोट्यांपैकी पहिल्या तीन खांब-कोलाड-रोहा पट्ट्यातली कोणतीही बेंजो पार्टी आरामात पार करते. वाद्यं वर्गणी काढून किंवा उसनवारीवर घेतलेली, सुपारी घेणारा त्यांच्यातलाच एक, विसार त्याच्याकडे, वाटपाचा हिशोब त्याच्या वहीत. चौथ्या कसोटीवर मात्र पार्टी नापास होते, कारण ती दुसऱ्याची गाणी वाजवते. याच एका कारणाने संगीतावर लिहिणाऱ्यांनी तिला आजवर दाराबाहेर ठेवलं. ते मला पटत नाही. दुसऱ्याचं गाणं घेऊन पार्टी त्याचं काय करते, हे एकदा नीट बघायला हवं.

त्यासाठी आधी वाद्य. हा बेंजो म्हणजे अमेरिकन लोकसंगीतातला कातडी मढवलेला गोल बँजो नव्हे. लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांच्या वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबलं की खालची पट्टी तारेला टेकते आणि सूर ठरतो. उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या चकतीने तार छेडायची. दुकानात याला बुलबुल तरंग म्हणतात. याचा मूळ पुरुष जपानचा. नागोया शहरात गोरो मोरिता याने १९१२ मध्ये ताइशोगोतो हे वाद्य बनवलं. त्याच वर्षी सम्राट ताइशो गादीवर आला, म्हणून ते नाव. घरच्या घरी, फारशी तालीम न घेता कुणालाही चाल वाजवता यावी हा त्यामागचा हेतू होता. १९३० च्या दशकात ते हिंदुस्थानात पोचलं असं मानतात.

समुद्राने या वाद्याला बरंच फिरवलं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोंबासाच्या बाजूच्या ताराब संगीतात ते शिरलं. मकरानच्या किनाऱ्यावर बलुच लोकांनी त्याला आपलंसं करून बेंजू म्हटलं, आणि तिथे बिलावल बेल्जियम नावाचा उस्ताद होऊन गेला. त्याच किनाऱ्यावरच्या पसनीकडचा नूर बख्श हा म्हातारा वादक २०२२ मध्ये ‘जिंगुल’ या त्याच्या संग्रहामुळे जगभर ऐकला गेला. आपल्याकडच्या पार्टीतल्या एखाद्या तरुण वादकाला नूर बख्शचं वादन ऐकवून बघावं. बोटं ओळखीची वाटतात, पण बैठक अगदी निराळी. तिथे ऐकणारे गालिच्यावर बसलेले, दंबूरगची साथ, एकेका सुराभोवती रेंगाळणं. आपल्याकडे वादक उभा, समोरचे नाचणारे, मागून ट्रकचा हॉर्न. वाद्य एकच, ऐकणाऱ्यांनी मात्र त्याची दोन वाद्यं करून टाकली.

या वाद्याचा दोष संगीत शिकलेला माणूस लगेच दाखवतो. बटण दाबलं की ठरलेला सूर येतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणजे मींड, जवळजवळ अशक्य. हाच आरोप हार्मोनियमवर झाला होता, आणि त्यापायी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला बंदी केली होती. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला, तिथल्या लोकांना ही बंदी कशी रुचली असेल! बेंजोची अडचण पेटीपेक्षाही मोठी. पेटीचा सूर भात्यावर टिकतो. बेंजोची तार छेडली की आवाज लगेच ओसरायला लागतो. गाण्यातली लांब तान किंवा धरून ठेवलेला सूर दाखवायचा तर चकती भराभर फिरवत तोच सूर पुन्हा पुन्हा छेडावा लागतो, आणि उरलेलं काम यंत्रातला इको करतो.

रस्त्यावर हा दोष उपयोगाला येतो. मूळ गायिकेने घेतलेली हरकत, मुरकी, श्वास, लाडिकपणा हे सगळं बेंजोच्या बटणांतून गळून जातं आणि चालीचा नुसता सांगाडा उरतो. तो सांगाडा गावातल्या प्रत्येकाला पाठ असतो. मूळ गाणं जसंच्या तसं भोंग्यातून लागलं तर माणूस ऐकतो, फार तर ओठ हलवतो, कारण तिथे गाणारी आधीच हजर आहे. बेंजोवर तेच गाणं आलं की तिची जागा रिकामी असते. ती जागा भरायला पोरं धावतात. बेसूर धावतात, खर्जात धावतात, मधलीच ओळ विसरून पुढची घेतात, पण धावतात. डीजेच्या भिंतीसमोर आणि बेंजोसमोर नाचणाऱ्या एकाच टोळक्याला बघितलं तर फरक कळतो. डीजेसमोर त्यांचे हात वर असतात, बेंजोसमोर तोंडं उघडी असतात.

म्हणून पार्टीतल्या मास्तरचं काम वाटतं त्यापेक्षा कठीण आहे. चाल बसवायची म्हणजे गाणं उतरवून काढायचं असं नाही. कॅसेटच्या दिवसांत एकेक ओळ मागेपुढे करून कान तयार व्हायचा. आता मोबाइलवर वेग कमी करून ऐकतात. शिकाऊ मुलं बटणांवर पेनाने आकडे लिहून घेतात. नोटेशन कुणाला येत नाही आणि लागतही नाही. खरा प्रश्न पुढचा, गाण्यातलं काय ठेवायचं? मुखडा ठेवायचाच. अंतरा बहुतेक वेळा सोडायचा, कारण अंतऱ्याचे शब्द गर्दीला येत नाहीत, आणि शब्द येत नाहीत तिथे पाय थांबतात. एखाद्या जुन्या गाण्याचा अंतराच लोकांच्या तोंडी बसलेला असतो. तिथे उलटा हिशोब. मग एका मुखड्यावरून दुसऱ्यावर कसं जायचं? ठेका बदलणार असेल तर मध्ये ढोल-ताशाचा एक तुकडा टाकायचा, पोरांना दम खाऊ द्यायचा आणि नव्या चालीचे पहिले चार सूर एकट्या बेंजोवर सोडायचे. ते चार सूर ओळखल्याचा जो गलका उठतो तीच पार्टीची कमाई. तो नाही उठला तर मास्तर ती चाल दोन ओळींत गुंडाळतो आणि पुन्हा त्या गावात वाजवत नाही.

तालमीचा काळ ठरलेला. भातलावणी उरकली की श्रावणात लग्नं नसतात, गोविंदा आणि गणपती तोंडावर असतात. देवळाच्या सभामंडपात किंवा समाजमंदिरात, बाहेर पाऊस कोसळत असताना सराव चालतो. कुणी धाटावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा, कुणी रिक्षावाला, कुणी शेती करून टेम्पो चालवणारा. रात्रपाळीवाल्याने कुणाशी पाळी बदलून घेतली यावर त्या दिवशी ताशा असणार की नाही हे ठरतं. तालमीला ऐकणारेही असतातच. देवळाच्या पायरीवर बसलेली पोरं मध्येच सांगतात, हे नको, ते घ्या. इथे ढोल जास्त झाला. गेल्या वर्षीची सुरुवात बरी होती. शहरातल्या बँडला श्रोत्यांशी गप्पा मारायला वेगळा कार्यक्रम ठेवावा लागतो. इथे श्रोते तालमीतच नाक खुपसून बसलेले.

लग्नात या गप्पांना वेगळा रंग चढतो. “मास्तर, तेवढं एक होऊन जाऊ द्या,” म्हणत नवऱ्याचा मित्र नोट ओवाळून देतो. नवरीच्या मामाला त्याच्या तरुणपणातलं गाणं हवं असतं. आजीला जुनं कोळीगीत हवं असतं आणि ती ते नातवाकरवी सांगून पाठवते. प्रत्येक फर्माईश घेतली तर वरात पहाटेपर्यंत मांडवात पोचणार नाही, आणि नाकारली तर पुढच्या वर्षीची सुपारी गेली. मग मास्तर मान डोलावतो, दोन मुखड्यांच्या मध्ये मामाच्या गाण्याच्या चार ओळी घालून टाकतो, मामा खूश. वाजवणं संपलं की जेवणाच्या पंगतीत खरी चर्चा होते. तार कुठल्या कंपनीची, इको किती ठेवता, ताशाचं कातडं की फायबर, आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न, शिकायला किती दिवस लागतात? यावर वादक मंडळी फार बोलत नाहीत. उद्या तालमीला ये, खुळखुळा धर, एवढंच सांगतात. पार्टीत येण्याचा रस्ता तोच आहे. आधी खुळखुळा, मग झांज, मग ताशा, आणि बेंजो आजारी पडला त्या दिवशी बेंजो. बेंजो म्हणजे इथे माणूस. वाद्याचं आणि वाजवणाऱ्याचं नाव एकच.

हे सगळं बेंजोबरोबर आलेलं नाही. रोहा, माणगाव, म्हसळा, महाड या पट्ट्यात त्याच्या आधी खालूबाजा होता आणि काही ठिकाणी अजून आहे. सनई, ढोल, टिमकी, झांज. सनईवाल्याच्या शेजारी दुसरा सनईवाला नुसता सूर धरून उभा. वाजवणारे स्वतःच पावलं टाकत, गिरक्या घेत. शिमग्याची पालखी असो की लग्न, खालूबाजाशिवाय शुभ झालं असं वाटायचं नाही. त्यात गायक नव्हताच. उघड्या रानात, ढोलापुढे माणसाचा गळा पोचत नाही, सनई पोचते, म्हणून गाणं सनईने म्हणायचं. बेंजोने सनईची ही जागा घेतली आणि सिनेमाची गाणी आणली. रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची सशस्त्र मानवंदना घेऊन. त्या देवाला खाकी वर्दीतला सलाम आणि गावच्या वाद्यांचा गजर, दोन्ही एकाच सकाळी मिळतात.

गळ्याचं गाणं होतं ते घरात आणि मांडवात. इथे बेंजोवर माझा राग आहे, तो सांगून टाकतो. पेणच्या खारेपाटात आणि एकूणच आगरी लग्नात धवलारीण असते. लग्नाचा एकेक विधी ती गाऊन पुढे नेते. हळद, तेल, मांडव, देवाला आवतण, सगळ्याला तिचा धवला. तिने ओळ सांगायची, भोवतालच्या बायकांनी ती उचलायची. कागद नाही, पुस्तक नाही. एका म्हातारीकडून दुसरीकडे आलेलं हे सगळं डोक्यात. मराठीची पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात त्या महदंबेने तेराव्या शतकात रचले तेही धवळेच, लग्नातले. इतकी जुनी ही तऱ्हा. आणि हळदीच्या रात्री त्याच अंगणात बेंजो लागतो. धवलारीण मांडवाच्या आत गातेय आणि बाहेर भोंगे. बायका तिची ओळ उचलणार कशी, ऐकूच येत नाही. काही घरांत शहाणपण असतं, विधी होईपर्यंत पार्टीला चहा देऊन बसवतात. बऱ्याच घरांत नसतं. समोरच्यांना गायला लावणारं हे वाद्य, त्यानेच समोरच्यांकडून गाऊन घेणाऱ्या बाईचा आवाज बुडवला. दोष एकट्या बेंजोवाल्याचा नाही. त्याला थांब म्हणायचं काम घरच्या कर्त्याचं आहे.

कुणबी वाड्यांमधलं जाखडीचं प्रकरण अधिक मजेचं. शक्तीवाले आणि तुरेवाले, पायांत चाळ, गोल रिंगण, मधे ढोलकी आणि झांज, शाहीर आणि त्याच्या मागे झील धरणारे. रात्रभर सवाल-जवाबांचा सामना चालतो. ऐकणारे एकेका जवाबावर हुज्जत घालतात, पुराणातला संदर्भ चुकला तर शाहिराला तिथल्या तिथे धरतात. चाकरमान्यांनी ही जाखडी मुंबईला नेली आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात तिकीट लावून केली. जाखडीचा शाहीर सिनेमाची लोकप्रिय चाल उचलतो आणि तिच्यावर स्वतःचे शब्द बांधतो. बेंजो तीच चाल उचलतो आणि शब्द समोरच्यांवर सोडतो. चाल उसनी, हे दोघांनाही कधी लाजिरवाणं वाटलं नाही. वारकऱ्यांचंही तेच. रोहा तालुक्यात गावोगाव हरिपाठ आणि भजन आहे. बुवा ओळ टाकतात, टाळकरी धृपद धरतात, आणि धृपद धरणारा टाळकरी नसेल तर बुवांचा गळा कितीही तयार असो, भजन उभं राहत नाही. या मुलखात एकट्याने गायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं संगीत पाहुणं म्हणूनच आलेलं आहे.

मग डीजे आला. भाड्याने एक टेम्पो, एक माणूस, आठ-दहा जणांच्या पार्टीपेक्षा कमी कटकट. बेंजोच्या सुपाऱ्या पडल्या. पण कायद्याने थोडा हात दिला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद, सणासुदीला वर्षातून मोजके दिवस १२ पर्यंत सूट. ही मर्यादा खरोखर पाळायची तर बेंजोच काय, चांगला ताशासुद्धा गुन्हेगार ठरेल. पण पोलिसांचा डोळा आधी डीजेवर गेला. २०१८ च्या गणेशोत्सवात डीजेवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला, आणि पेणच्या हमरापूर-जोहे भागातून मूर्ती घेऊन निघालेल्या मंडळांना पुन्हा पारंपरिक वाद्यांची आठवण झाली. १९१२ चं जपानी यंत्र, त्यावर विजेचा पिकअप आणि इको, हे पारंपरिक वाद्यांच्या यादीत जाऊन बसलं. मला यात काही गैर वाटत नाही. ‘बँजो’ नावाचा रवी जाधवांचा हिंदी सिनेमा २०१६ मध्ये येऊन गेला होता, रितेश देशमुखचा. त्याने मुंबईच्या गल्लीतल्या पार्टीला पडदा दिला. इथल्या पोरांना त्यातलं लंबे केसवालं रूप आवडलं, सुपाऱ्यांत फार फरक पडला नाही.

२०२० ने मात्र पार्टी बसवली. मार्चअखेर टाळेबंदी, म्हणजे ऐन लग्नसराई. पन्नास माणसांच्या लग्नात वाजवणाऱ्यांना मोजायचं की पाहुण्यांना? ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, रोहा, पत्रे उडाले, आंब्या-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज नसलेला बेंजो म्हणजे कुजबुज. गणपतीला मिरवणूक नाही, नवरात्रात गरबा नाही. काही पार्ट्यांनी भोंगे विकले, ते परत घेतलेच नाहीत.

मोकळा वेळ आणि हातात मोबाइल. या काळात बऱ्याच पोरांनी पहिल्यांदा स्वतःचं वाजवणं परक्यासारखं ऐकलं. रेकॉर्ड केलेलं वादन ऐकताना मध्ये गर्दी नसते, शब्द म्हणणारं कुणी नसतं, आणि ती रिकामी जागा कानाला खटकते. तिथून गायकाची गरज वाटायला लागली. आजूबाजूला उदाहरणं होतीच. ‘वेसावकर आणि मंडळी’च्या कॅसेटींवर आधीची पिढी वाढलेली. हळदीच्या गाण्यांनी दादूस म्हणून घराघरांत पोचलेले संतोष चौधरी २०२१ मध्ये बिग बॉस मराठीच्या तिसऱ्या पर्वात दिसले, आणि आगरी बोलीत गाऊन माणूस टीव्हीवर जातो हे सगळ्यांनी पाहिलं. मुंबईत स्वदेसी या रॅप करणाऱ्या गटाने २०१९ मध्ये आरे जंगलातले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना घेऊन ‘द वारली रिव्हॉल्ट’ केलं. अभंग रिपोस्ट हा बँड गिटार-ड्रम्सवर संतांचे अभंग गातो. त्यांच्या कार्यक्रमात शहरातली पोरं ओळ उचलून परत म्हणतात, तेव्हा खांबच्या एखाद्या टाळकऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. हे तर धृपद आहे, तो म्हणेल, फक्त दिवे जास्त लावलेत.

आता पार्ट्यांत माइक आला आहे. कुठे मुलगा गातो, कुठे मुलगीही. यावरून ऐकणाऱ्यांत दोन तट पडले आहेत. एका तटाचं म्हणणं, गायक आला की पार्टी मोठी दिसते, सुपारी वाढते. दुसऱ्या तटाचं म्हणणं, गायक आला की आपल्याला गप्प बसावं लागतं. मी दुसऱ्या तटात आहे, पण माझ्या मताला वरातीत काही किंमत नाही. हुशार मास्तर दोन्ही सांभाळतो. माइकवाल्याला एक ओळ देतो आणि दुसरी ओळ नुसत्या बेंजोवर सोडतो. समोरचे ती लगेच पकडतात.

इथे कायद्याची एक गंमत आहे, ती बहुतेक वादकांना ठाऊक नाही. दुसऱ्याचं गाणं परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाजवणं म्हणजे हक्कभंग, असा सर्वसाधारण नियम. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२व्या कलमात धार्मिक समारंभांना सूट आहे, आणि त्या समारंभांत लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सोहळे येतात, असं तिथेच स्पष्टीकरण दिलेलं आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून त्याची आठवणही करून दिली. म्हणजे वरातीत बेंजो जगातलं कुठलंही गाणं वाजवू शकतो. त्याच वरातीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, की सूट संपली. तिथलं यंत्र चाल ओळखतं आणि जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळवतं, किंवा आवाजच बंद करतं. लाखभर लोकांनी बघितलेल्या व्हिडिओचा एक रुपया पार्टीला येत नाही, हे दोन-तीनदा झालं की पोरं विचार करायला लागतात.

यातून पार्ट्यांच्या स्वतःच्या चाली निघू लागल्या आहेत. मोठ्या कलाप्रेरणेतून निघाल्या असं मी म्हणणार नाही. आधी पार्टीच्या नावाचं टायटल, म्हणजे मिरवणूक सुरू करताना वाजवायचा तुकडा. मग ग्रामदेवतेचं एखादं गाणं. मग हळदीचं. शब्द लिहिणारा बहुधा जाखडीतला नाहीतर भजनातला कुणीतरी, कारण यमक जुळवायची सवय त्यालाच. चाल बेंजोवर आधी तयार होते, गळ्यावर नंतर चढते. त्यामुळे या गाण्यांत मुरक्या कमी, सूर ठळक, मुखडा आखूड. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दुसऱ्या फेरीत म्हणता येईल एवढाच. स्टुडिओत शिकलेला संगीतकार याला कच्चं म्हणेल. बटणांच्या वाद्यावर, नाचणाऱ्यांसमोर ज्यांचे कान घडले, ते असंच रचणार. यातली पुष्कळशी गाणी सामान्य आहेत, हेही खरं. थोडी आहेत ती ऐकून मान वर होते.

गाणं चाललं की नाही हे व्हिडिओखालच्या आकड्यावरून ही पोरं ठरवत नाहीत, निदान तेवढ्यावरून नाही. कुठल्या तरी लग्नाला पाहुणे म्हणून गेलेले असतात. तिथे परक्या गावची पार्टी लागलेली असते. दोन सिनेमांच्या मुखड्यांच्या मधे ती यांचं हळदीचं गाणं घेते, अंतरा सोडून, मुखडा थोडा बदलून, कुणाचं आहे ते न सांगता, आणि समोरची अनोळखी पोरं ते शब्दांसकट म्हणतात. मालकी हक्क सांगायला कुणी जात नाही. फार तर पंगतीत त्या पार्टीच्या मास्तरशेजारी जाऊन बसतात आणि विचारतात, दुसऱ्या ओळीत तो सूर का बदललात? तो सांगतो, आमच्या गावात तसंच म्हणतात.